गयाबाई आणि सरकीचं तूप

गयाबाई दूध प्यायच्या नाहीत, चाखायच्या. सकाळी शीतकरण केंद्राच्या फाटकाशी पहिला टेम्पो लागला की आधी तीन चुळा भरायच्या, मग काचेच्या चिमुकल्या पेल्यात चमचाभर दूध घ्यायच्या, जिभेवर धरायच्या आणि डोळे मिटायच्या. दूधवाला समोर ताटकळत उभा. मागं कॅनची रांग. बाईंना घाई नाही. मग डोळे उघडून म्हणायच्या, "उसाचं वाढं घालून राहिला व्हय? कडबा संपला?" नाहीतर, "करडीची पेंड हाय. बरी हाय. चालू ठेव."

मला पहिले सहा महिने हे नाटक वाटायचं. मी उदगीरचा, वाण्याच्या घरातला. नाटक ओळखणं हा आमचा धंदाच. केंद्रात मी कारकून होतो आणि गयाबाई सोनकांबळे दूध परीक्षक. त्यांची खोली माझ्या टेबलाला लागून. मधे दार होतं, पण त्याला फळी नव्हती, त्यामुळे तिथं काय चाललंय ते मला दिसायचं, ऐकू यायचं, आणि तेजाबाचा वास तर फुकटात मिळायचा.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं केंद्र अहमदपूरहून मुखेडला जाणाऱ्या रस्त्यावर. कागद नव्या जिल्ह्याचा, शिक्का जुन्या जिल्ह्याचा, आणि पत्र नेमकं कुठं पाठवायचं ते कुणालाच ठाऊक नाही, असे ते दिवस. त्यात पावसानं सलग पाठ फिरवलेली.

बाई मूळच्या हदगावकडच्या. कापसाचा मुलूख. वडील दुसऱ्याची गुरं राखायचे, आई जिनिंगमध्ये सरकी पाखडायला जायची. बाई मॅट्रिक झाल्या, नोकरीला लागल्या, आणि नवऱ्याची बदली इकडं झाली म्हणून इकडं आल्या. उंचीनं कमी, आवाजानं नाही. पातळाच्या निऱ्यांवर तेजाबाची बारीक बारीक भोकं. कपाळ कोरं. आधी कुणी विचारायचं, "बाई, कुंकू?" तर म्हणायच्या, "आमच्याकडं न्हाई लावत. नवरा धडधाकट हाय, येऊन बघा."

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून चारदा तरी यायचं. "नळी खोटं बोलत न्हाई." दुधात तेजाब घालून, नळी चक्रीत फिरवून, वर आलेल्या पिवळ्या स्निग्धाची रेघ वाचायची. त्याला आम्ही नुसतं फॅट म्हणायचो. दूधवाले हुज्जत घालायचे, "बाई, फॅट कमी लावली तुम्ही!" की बाई नळी उजेडात धरून म्हणायच्या, "मी कोण लावणारी? तुझी गाय लावती. मी वाचती."

एकदा बळीराम नावाच्या दूधवाल्याची फॅट धाडकन पडली. रोजच्या निम्मी. माणूस लई सरळ, पाणी घालणाऱ्यांतला नाही. तो रडकुंडीला आला. सगळ्यांनी मान हलवली, दुष्काळात भलेभले बिघडतात म्हणून. बाईंनी दूध चाखलं आणि विचारलं, "बळीराम, गावात लग्न झालं का?"

"हाव. पाटलाच्या पोरीचं."

"आणि उरलेला भात, बुंदी, पुऱ्या गायीला घातल्या."

बळीरामानं कबूल केलं. वाया जाण्यापेक्षा गायीच्या पोटात गेलं तर बिघडलं काय, असं त्याला वाटलेलं. आणि गायीनंही दोन दिवस मिटक्या मारत खाल्लं होतं. "आरं, गाय हाय ती, वऱ्हाडी न्हवं," बाई म्हणाल्या. "तिला रवंथ करायला काडी पाहिजे. कडबा चघळला की दुधात साय. नुसता भात घातला की पोट आंबतं आणि साय जाती. मूठभर का हुईना, कडबा घाल. आठ दिवसांनी ये." आठ दिवसांनी फॅट जागेवर आली. त्या दिवसापासून मी नाटक हा शब्द मागं घेतला. मनातल्या मनात घेतला, तोंडावर कसा घेणार?

सगळेच बळीरामसारखे नव्हते. एक पागोटेवाले दूधवाले होते, नाव सांगत नाही, नातवंडं आहेत त्यांना. बाईंनी त्यांचं दूध चाखू नये, असं त्यांचं म्हणणं. कारण उघड होतं, पण तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून स्वच्छतेचं नाव पुढं केलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मामा, कॅनात तोंड न्हाई घालून राहिले मी. चमचाभर नळीत, चमचाभर माझ्या तोंडात. नळीतलं दूध तर तेजाबानं जळतं. माझ्यात निदान अंगी लागतं. कुठला चमचा वाया गेला, तुम्हीच सांगा." रांगेतले सगळे हसले. मामा दुसऱ्या दिवशी आले, मुकाट्यानं कॅन उघडला. मी मात्र हसलो नव्हतो. आमच्या घरी बाईंना चहा कोणत्या कपात मिळाला असता, हे मला माहीत होतं.

तर ही बाई. आणि हिच्याच हातून चूक झाली.

लिंबाळवाडी नावाचं एक गाव आमच्या केंद्राला जोडलेलं होतं. रस्ता असा की दूध केंद्रापर्यंत येता येता फाटायचं. म्हणून तिथल्या बायकांच्या संस्थेला दुधाऐवजी तूप पाठवायची परवानगी होती. दर आठवड्याला डबे यायचे. संस्थेच्या अध्यक्षा रुक्मिणबाई, चाळिशीतल्या विधवा, बोलायला तिखट. त्या दुष्काळात लिंबाळवाडीच्या चाळीसेक चुली ह्या तुपावर पेटत होत्या. शेतात काही नव्हतंच.

नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले. पुण्याकडचे, माणूस प्रामाणिक, पण सगळं पुस्तकातून बघणारा. त्यांनी तुपाची एक नवी चाचणी सुरू केली. नळीत तूप घ्यायचं, त्यात गंधकाचं एक भयंकर घाण वासाचं औषध घालायचं आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात नळी धरून ठेवायची. रंग लाल झाला, तर तुपात सरकीचं तेल आहे. बाईंनी लिंबाळवाडीच्या डब्यातलं तूप नळीत घातलं. नळी लाल झाली. कुंकवाच्या पाण्यासारखी लाल. दुसरा डबा, तीच गत. तिसरा, तीच. बाईंनी अहवाल लिहिला, 'सरकीच्या तेलाची भेसळ', आणि खाली आपली गोल सही केली.

साहेब आणि मी जीप घेऊन गावात गेलो. तेल कुठंच सापडलं नाही. पण रुक्मिणबाईंच्या गोठ्यात, कडब्याच्या धसकटाखाली झाकून ठेवलेली सरकीची पोती सापडली. दोन नाहीत, तीन नाहीत, अकरा. "ही का लपवली?" साहेबांनी विचारलं. रुक्मिणबाई गप्प. साहेबांना आणखी काय हवं होतं? मी पारावर उभा राहून अहवाल वाचला. तूप बंद, संस्थेचं नाव रद्द, आणि अध्यक्षांवर भेसळीचा खटला. वाचताना माझं लक्ष कागदावरच होतं. वर बघायची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी रुक्मिणबाई सात कोस चालत केंद्रात आल्या. हातात तुपाचं गाडगं. माझ्या टेबलावरून थेट आतल्या खोलीत.

"सही तुमची हाय का?"

"हाय," गयाबाई म्हणाल्या.

"मग खा. खाऊन सांगा त्यात तेल हाय म्हणून. नळीला काय जीभ हाय?"

बाई म्हणाल्या, "नळी खोटं..." आणि तिथंच थांबल्या. का थांबल्या ते मला तेव्हा कळलं नाही; तूप न चाखताच सही केली होती, हे मागाहून कळलं. त्यांनी तीन चुळा भरल्या. गाडग्यात बोट घातलं, तर बोट जाईना. भर उन्हाळ्यात तूप दगड झालेलं. नखानं कुरतडून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि किती वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा पाणी होतं.

"अप्पा," त्या मला म्हणाल्या, "हे हदगावचं तूप हाय."

मला वाटलं, उन्हानं बाईंचं डोकं फिरलं. पण त्या सांगत होत्या. हदगावच्या जिनिंगमध्ये दिवाळीला मालक कामाच्या बायांना भाकरीवर चमचाभर तूप वाढायचा. वर्षातून एकदा. त्यातलं अर्धं आई पोरीसाठी आणायची. "एकदाच मिळालेलं माणूस इसरत न्हाई. अस्संच होतं. घट्ट, रवाळ, टाळूला चिकटणारं. तिकडं गायी सरकीच खातात ना!" मग त्या रुक्मिणबाईंकडं वळल्या. "तुम्ही गायीला सरकी घालून राहिल्या?"

तेव्हा सगळं बाहेर पडलं. कडबा संपला, जनावरं हंबरून मरायला लागली, तेव्हा रुक्मिणबाईंनी बायकांच्या गळ्यातलं किडूकमिडूक मोडून हदगावहून ट्रकभर सरकी आणली. ती शिजवून गायीला घालत होत्या. आणि लपवली ह्यासाठी की ज्याच्या घरी वैरण सापडेल त्याचं सरकारी चाऱ्याचं कार्ड रद्द होईल, अशी गावात आवई होती. "तुमच्या साहेबानं इचारलं तेल कुठाय. तेल न्हाई म्हणलं. सरकी का लपवली म्हणल्यावर काय सांगू? चाऱ्यासाठी चोरी केली म्हणू?"

गयाबाई ताडकन उठल्या. "अप्पा, मला सांगा, तुपात तेल घातलं तर तूप पातळ होईल का घट्ट?"

"पातळ," मी म्हणालो. वाण्याच्या घरात एवढं कळतं.

"आणि हे तर छिन्नीनं फोडावं लागतंय! तेल वरून न्हाई घातलं. सरकी गायीच्या तोंडातनं गेली आणि दुधातनं आली. नळी बरोबर हाय. सरकीची खूण हाय म्हणती, ती हायच. भेसळ म्हणाली न्हवती नळी. भेसळ मी म्हणाले." आणि त्या खुर्चीवर बसल्या. आपली सही असलेल्या कागदाच्या नकलेकडं बघत राहिल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. पुस्तक उघडलं. कापसाच्या मुलखातल्या तुपाला त्यात वेगळी सवलत होती खरी. "पण आपला तालुका ज्वारी-करडीचा. इथे ती लागू होत नाही. शिवाय तुम्ही परीक्षक आहात बाई, संशोधक नाही. स्वतःचाच अहवाल खोटा ठरवताय?"

"अहवाल माझा हाय साहेब, म्हणून तर. दुसऱ्याचा असता तर तुम्हाला सांगून गप बसले असते. मला दोन गायी बांधू द्या केंद्रामागं."

"आणि नाही सिद्ध झालं तर?"

"तर रुक्मिणबाईसंगट माझ्यावर बी खटला घाला. खोटी सही केली म्हणून."

साहेबांनी महिन्याची मुदत दिली. माणूस सरळ होता म्हणालो ना. पण अटी कडक. चाऱ्याच्या खोलीची किल्ली साहेबांकडं, धार काढताना साहेबांचा शिपाई समोर, आणि लोणी-तूप सगळं कुलपात.

लिंबाळवाडीहून रुक्मिणबाईंची देवणी गाय आली, अंगावर काळे ठिपके, कान लोंबते. बळीरामानं आपली लाल कंधारी आणून बांधली. म्हणाला, "लग्नाचा भात घालू नका म्हणजे झालं." देवणीला सरकी, कंधारीला कडबा आणि करडीची पेंड. गयाबाई पहाटे यायच्या, धार स्वतः काढायच्या, विरजण, ताक, लोणी, कढवणं, सगळं हातानं. दहाव्या दिवशी दोन नळ्या मिठाच्या पाण्यात उभ्या राहिल्या. देवणीची लाल. कंधारीची स्वच्छ पिवळी. मी टाळी वाजवली. साहेबांनी नाही वाजवली.

"गायीच वेगळ्या आहेत, बाई. जात वेगळी. फरक गायीचाही असू शकतो."

मला असा संताप आला! पण गयाबाईंचा चेहरा उजळला. "बरोबर बोलले साहेब! अप्पा, शिकायला पाहिजे असं बोलायला." आणि त्यांनी दावणी बदलल्या. आता देवणीला कडबा-पेंड, कंधारीला सरकी. एवढंच. बाकी जिथल्या तिथं.

दोन दिवस झाले, देवणीची नळी लालच. चार दिवस, लालच. सरकी बंद करूनही लाल! साहेब काही बोलले नाहीत, पण बाईंच्या खोलीपुढून जाताना त्यांची चाल बदलली. रुक्मिणबाई केंद्राजवळच मुक्कामाला राहिल्या होत्या; रोज येऊन गोठ्याशी बसायच्या, विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. बाईंचं जेवण सुटलं. मी म्हणालो, "बाई, माघार घ्या. साहेबांच्या पाया पडू." तर माझ्यावरच खेकसल्या, "गायीच्या अंगात चरबी असती अप्पा! खाल्लेलं मुरतं, मग उतरतं. एका दिवसात उतरायला ती काय माठातलं पाणी हाय?"

सहाव्या दिवशी लाली जरा फिकी वाटली. वाटली, म्हणजे मला वाटली. मी पाहू इच्छित होतो म्हणूनही असेल. आठव्या दिवशी गुलाबी. आणि कंधारीची नळी, जी आजवर पिवळी होती, ती तांबूस व्हायला लागली. बाराव्या दिवशी साहेब स्वतः आले. नळ्या स्वतः भरल्या, औषध स्वतः घातलं, पाण्यात स्वतः धरल्या. बाईंना हात लावू दिला नाही. खोलीत बळीराम, रुक्मिणबाई, शिपाई, मी, आणि तो गंधकाचा वास.

साहेबांनी नळ्या बाहेर काढल्या आणि खिडकीशी नेल्या. देवणीची पिवळी. कंधारीची लालबुंद.

साहेबांनी पुन्हा नळ्या भरल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरल्या. तेच. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "बाई, पुस्तकात नव्हतं ते तुम्ही गायीकडून वदवून घेतलंत."

"अरे वा रे पठ्ठी!" बळीराम ओरडला आणि शिपायाला मिठी मारली. रुक्मिणबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मीसुद्धा रडलो, उगाच लपवायचं कशाला? नाव मात्र गंधकाच्या वासाचं केलं. रडल्या नाहीत त्या फक्त गयाबाई. त्यांनी माझ्या टेबलावरून टाक उचलला, आपल्याच अहवालातलं 'भेसळ' खोडलं आणि वर लिहिलं, 'भेसळ नाही. गायी सरकीवर आहेत.' खाली तारीख आणि तीच गोल सही. साहेबांनी शेजारी आपली केली, तूप पुन्हा घ्यायचा आणि खटला मागं घ्यायचा हुकूम काढला; शिक्का मात्र अजून जुन्या जिल्ह्याचाच होता. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत तुपाच्या नमुन्यापुढं एक नवा रकाना आला, 'गायीचा चारा'. साहेबांनीच आखला, पट्टी घेऊन.

त्याच आठवड्यात माझी बदली उदगीरला झाली. पण जायच्या आधी बाईंनी मला लिंबाळवाडीला नेलं. "तुम्ही वाचून आला होता ना पारावर? आता मी वाचते. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा."

पारापुढं सगळं गाव होतं. बाईंनी दुरुस्त केलेला कागद वाचला, शब्द न् शब्द. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "चूक नळीची न्हवती, गायीची न्हवती, तुमची तर न्हवतीच. माझी होती. मला माफी असावी." मराठवाड्यात सरकारी माणसानं असं म्हटलेलं त्या गावानं कधी ऐकलं नसावं. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

तेवढ्यात रुक्मिणबाई सूप घेऊन पुढं आल्या. बाईंची ओटी भरायला. गर्दी चरकली. विधवेनं ओटी भरायची नसते, हे गावाला माहीत. आणि गयाबाई ओटी घेत नाहीत, हळदीकुंकू लावत नाहीत, हे मला माहीत. बाई एक पाऊल मागं सरल्या. "रुक्मिणबाई, आमच्यात न्हाई हे."

"आमच्यात बी न्हाई," रुक्मिणबाई म्हणाल्या. "माझ्या हातनं तर न्हाईच न्हाई. नारळ न्हाई ह्यात, हळद न्हाई, कुंकू न्हाई. देवाचं काई न्हाई. बघा तरी."

बाईंनी वाकून बघितलं. सुपात सरकी होती. बाईंना हसू फुटलं, मोठ्यानं, आणि हसता हसताच त्यांनी पदर पसरला. रुक्मिणबाईंनी ओंजळी भरभरून सरकी घातली. एक, दोन, तीन, पाच. मग मागच्या बायका पुढं सरल्या आणि जिच्या तिच्या घरची मूठ पदरात पडायला लागली.

मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर एसटी आली तेव्हा मी खालीच राहिलो, मला उलट्या दिशेची गाडी होती. बाईंनी भरलेला पदर दोन्ही हातांनी सांभाळत खिडकीची जागा धरली. कंडक्टरनं तिकिटाची पेटी खडखडवत विचारलं, "वट्यात काय हाय बाई? सामान हाय का?"

"न्हाई," गयाबाई ताठ बसून म्हणाल्या. "निकाल हाय."